तीन पुकारे

माझी बायको जाऊन आता सात महिने झाले. तिची केस कोणामुळं गेली हे मला अजून कळलं नाही. वकील म्हणतात कायदाच तसा आहे. साळा म्हणतो बाईचं नशीब. मला वाटते माझ्या गळ्यामुळं गेली, पण तेही पक्कं सांगता येत नाही. म्हणून झालं तसं लिहून ठेवतो. मी सातवी नापास माणूस. कुठं मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी कळंबच्या कोर्टात शिपाई होतो. झाडणं, पाणी भरणं, फायली उचलणं सगळं केलं, पण माझं खरं काम पुकाऱ्याचं. केस निघाली की दारात उभं राहून माणसाचं नाव ओरडायचं आणि शेवटी ‘हाजिर हो’ म्हणायचं. असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत आला तर आला. नाही आला तर साहेब ‘गैरहजर’ लिहीत आणि केस खारीज. माणूस बाहेर टपरीवर चहा पीत बसलेला असे आणि आत त्याची दहा वर्षांची केस संपलेली असे. माझ्या डोळ्यांनी मी असे कितीतरी पाहिले. म्हणून मी जीव लावून ओरडायचो. माझा आवाज बस स्टँडवर ऐकू येते असं लोक म्हणत. बायको म्हणायची, “घरी तं हळू बोलत जा. मी काय फरार हाये?”

आम्हाला पोरबाळ झालं नाही. ही गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं तिचं काम पडणार आहे.

एका साली कोर्टात नवे साहेब आले. पहिलीच नेमणूक. कोकणाकडचे, अंगानं बारके, लग्न व्हायचं होतं. कोट त्यांना ढिला व्हायचा. सगळ्या शिपायांना ते मामा म्हणत, तसं मलाही मामा. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

कळंबात तेव्हा धड खानावळ नव्हती. साहेब दोन दिवस केळी खाऊन राहिले हे मी घरी सांगितलं आणि बायकोनं तिसऱ्या दिवशी डबा दिला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. फुकट घेणार नाही असं साहेबांनी आधीच बजावलं, तो हिशेब त्यांचा माझा वेगळा. पण संध्याकाळी डबा घासून-पुसून रिकामा परत आला आणि बायकोचं तोंड उतरलं.

“रिकामा डबा वापस देतेत काय कोणी? एवढा शिकला, हे नाई शिकला?”

मी साहेबांना ते जरा गोड करून सांगितलं. ते लाजले. दुसऱ्या दिवशी डब्यात कागदाच्या पुडीत चमचाभर साखर निघाली. मग तीन वर्षं डबा साखरेशिवाय परत आला नाही. बायको ती साखर वेगळ्या बरणीत ठेवायची. त्यांच्यासाठी शिरा केला की त्यांचीच साखर त्यात टाकायची.

ते तेव्हा कसे होते याची एक गोष्ट सांगतो. एक धुऱ्याची केस होती. दोन भाऊबंद, मधला बांध कोणाचा यावर भांडण. वकिलांनी नकाशे दाखवले, तलाठ्यानं कागद दाखवले, साहेबांना काही उमगेना. म्हणाले, “मी स्वतः जाऊन पाहतो.” ऑगस्ट महिना, काळी माती. वावरात दहा पावलं गेले आणि साहेबांचा एक बूट मातीत राहून गेला. पाय वर आला, बूट खाली. मग वादी आणि प्रतिवादी दोघंही वाकून हातानं चिखल उपसून राह्यले होते. नऊ वर्षं एकमेकांशी न बोललेले. “इकडं पाह्य, इकडं,” “अरे तिकडं नाई, हितं.” तडजोड तिथंच झाली असती, पण तेवढ्यात वकील पोचले.

परत येताना साहेब आमच्या घरी पाय धुवायला थांबले. बायकोनं तांब्यानं पाणी टाकलं आणि म्हणाली, “आता कसे माणसावानी दिसता साहेब.” ते खूप हसले. तिला मावशी म्हणाले. नाव त्यांनी तिचंही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट. एका पक्षकारानं त्यांच्या घरी आंब्याची पेटी पाठवली होती. साहेबांनी पेटी तर परत केलीच, ती केसही आपल्यासमोर ठेवली नाही, दुसऱ्या कोर्टात पाठवून दिली. मी ते घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “बरं झालं बाप्पा, आपली काई केस नाई. नाईतं डबा बंद झाला असता.” आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आता आठवलं की कसंतरीच होते.

तीन वर्षांनी साहेबांची बदली झाली. जाताना डब्यात पावशेर साखर होती. पुढं त्यांची बातमी बेलीफाकडून कळायची. वरच्या स्तराचे झाले. मग जिल्हा न्यायाधीश झाले. मग मी रिटायर झालो, आणि पुढं कधीतरी कळलं की ते हायकोर्टात गेले, नागपूरला अपिलं ऐकतात. बायकोनं त्या दिवशी शेजारच्या दोन घरी सांगितलं, “आमचा डबा खायेलं लेकरू हाये ते.”

मला एक गोष्ट तेव्हापासून समजत नाही. खालच्या कोर्टात साहेबासमोर साक्षीदार येते, रडते, खोटं बोलते, घाम पुसते. वरच्या कोर्टात, वकील सांगतात, साक्षीदारच येत नाही. फक्त कागद येते. म्हणजे माणूस जितका हुशार होते आणि जितका वर जाते, तितकी त्याला माणसं कमी दिसतात. मग वर कायले पाठवतेत हुशार माणसाला? वकिलाला विचारलं तर तो हसला. हसण्यासारखं काय होतं तेही समजलं नाही.

आता बायकोची केस सांगतो.

तिच्या बापाचं बाभुळगावकडं वावर होतं. बापानं स्वतःच्या कमाईनं घेतलेलं. बाप गेला तेव्हा ही आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच वारस. भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आमच्या घरी आला. सगळ्या बहिणी सही करून देतात, त्यात नवं काही नाही. हिनं चहा केला, पोहे केले, कागद वाचला आणि तसाच त्याच्याकडं सरकवला.

“मले वावर नाई पायजे. पीक तूच खाय. सातबाऱ्यावर माहं नाव राहू दे.”

“नावानं काय होते बाई?”

“मंग तुह्यं काढ.”

तो पोहे तसेच ठेवून उठला. सहा महिन्यांनी सातबारा काढून पाहिला तर हिचं नाव नव्हतं. हक्कसोडीचा कागद झालेला, त्यावर पुसट अंगठा. ही सही करायची. माझ्याकडच्या पुकाऱ्याच्या याद्या वाचून वाचून ती अक्षरं शिकली होती आणि सही करायला कुठंही जागा शोधायची. गॅसच्या पुस्तकावर, कॅलेंडरवर. ती अंगठा देईलच कायले? तो अंगठा कोणाचा होता हे आजपर्यंत कोणालाच माहीत नाही. भाऊ म्हणतो तिचाच, ती रडत होती म्हणून तिला आठवत नाही.

तिनं केस टाकली. पहिल्या कोर्टात ती जिंकली. जिल्ह्याला भाऊ अपिलात गेला, तिथं ती हरली. मग आम्ही नागपूरला हायकोर्टात गेलो. माहेर तेव्हाच तुटलं. राखी नाही, भाऊबीज नाही. वकील नागपूरचे, आम्हाला पोर असतं तर त्याच्या वयाचे. ते म्हणाले, “काका, इथं खरं-खोटं पाहत नाहीत. कायद्याचा प्रश्न आहे की नाही तेवढंच पाहतात.”

“खरं-खोटं पाह्यत नाई तं इतक्या दूर कायले बोलावतेत?”

“तुम्हाला नाहीच बोलावलं काका. तुम्ही आपले येता.”

हे खरं होतं. तिथं पक्षकाराला कोणी बोलावत नाही. पण मी प्रत्येक तारखेला जायचो. एकतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, हजर राहा, कोर्टाला तोंड दाखवा. मग आपणच घरी कसं बसायचं?

वर्षं गेली. बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. ती म्हणायची, मशीनवर पडलं की छताकडं पाहून ती सातबारा वाचते. गट नंबर, क्षेत्र, आकार, नाव.

मग वकिलांचा फोन आला. केस शेवटच्या सुनावणीला बोर्डावर लागली. आणि साहेब कोण, तर आमचे साहेब. वकील खूश होते. म्हणाले, “बहिणींच्या हिश्श्याच्या बाबतीत हे साहेब फार स्पष्ट आहेत. तुमचा मुद्दा मजबूत आहे. दुपारपर्यंत ऐकून होईल.” साहेबांनी आमचा डबा खाल्ला हे मी वकिलांना सांगितलं नाही. मला आंब्याची पेटी आठवत होती.

बायकोलाही आठवत होती. तिला यायचं होतं पण त्या दिवशी मशीन होतं. निघताना म्हणाली, “मागं बसजा. तोंड दाखवू नका. आन् आवाज तं काढूच नका.”

“नाई काढत.”

“पाह्यजा हं. तुमचा आवाज म्हंजे भोंगा हाये.”

मी अगदी शेवटच्या बाकावर बसलो, दुपट्टा कानावरून घेऊन. साहेब आले. पुढं चोपदार, लाल पट्टा, सगळे उभे. साहेबांचे केस पांढरे झालेले, कोट आता बरोबर बसलेला. पायाखाली गालिचा. मला उगाच त्यांचा बूट पाहावासा वाटला. दिसला नाही.

केसेस चालू झाल्या. नंबर वाचायचे, वकील उभा राहायचा, दोन-चार वाक्यं इंग्रजीत, झालं. तिथं नाव कोणी पुकारत नाही. नुसता नंबर. मग आमचा नंबर वाचला.

आमच्याकडून कोणीच उभं राहिलं नाही. आमचे वकील दुसऱ्या कोर्टात गेले होते, येतो म्हणून. मी दाराकडं पाहिलं. समोरच्या बाजूचा वकील उभा होता, साळ्याचा. साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, “अपीलकर्त्याकडून कोण आहे?” कोणी नाही. त्यांनी पेन उचललं.

मी ते पेन ओळखतो. म्हणजे ते पेन नाही, ते उचलणं. त्याच्यानंतर ‘गैरहजर’ येते. पुढं काय झालं ते मी केलं असं मला म्हणता येत नाही. मी उभा होतो आणि माझ्या बायकोचं नाव, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट, सगळ्या कोर्टात वाजत होतं. हाजिर हो. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. माझ्याच नावाचा मीच पुकारा केला, तिच्या नावाच्या मधी. वकील लोक वळून पाहायला लागले. शिपाई माझ्याकडं धावला. मी बोललो असतो तर गोष्ट वेगळी, पण मी पुकारा केला, कळंबला करत होतो तसाच, शेवटचा ‘हो’ लांबवून.

साहेबांनी मान वर केली. चष्मा काढला. बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

“मामा?” म्हणाले.

तेवढ्यात आमचे वकील धापा टाकत आत आले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं, इंग्रजीत काहीतरी बोलले, बाजूच्या बाईंनी ते टाइप केलं. फाइल बंद झाली. मग साहेब मराठीत, मला नाही, समोर कुठंतरी पाहून म्हणाले, “या घरचं अन्न मी खाल्लं आहे.” आणि पुढचा नंबर.

बाहेर आल्यावर वकील माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून म्हणाले, “काका, नॉट बिफोर मी. म्हणजे साहेब ही केस ऐकणार नाहीत. आता दुसऱ्या साहेबांसमोर जाईल, कधी लागेल देव जाणे.”

“पण खारीज करत होते ते.”

“कोणी खारीज करत नव्हतं. वकील नसला की इथं केस मागं ठेवतात, शेवटी परत घेतात. पासओव्हर म्हणतात.”

“खाली तीन पुकाऱ्यांत संपते.”

“हे खाली नाही काका.”

मी त्यांना म्हटलं, साहेब तर आम्हाला ओळखतात, ही कशी बाई आहे, अंगठा देईल की सही करेल हे त्यांना माहीत असायला पाहिजे, मग त्यांनीच ऐकायला पाहिजे. जो ओळखते तोच नको आणि जो ओळखत नाही तो पाहिजे, हे कसं? वकील म्हणाले, “न्याय तसाच असतो.” असेल. धुऱ्याची केस मात्र त्यांना वावरात गेल्याशिवाय समजली नव्हती.

संध्याकाळी घरी आलो. मशीनवरून आल्यावर ती खाटेवर पडून राहायची, पण दाराशी बसली होती.

“काय झालं?”

“साहेबानं ओळखलं.”

मी पुढचं सांगणार होतो. पण तिचं तोंड असं उजळलं की पुढचं राहूनच गेलं.

“वळखलं? खरंच? काय म्हणले?”

“मामा म्हणले. आन् या घरचं अन्न खाल्लं म्हणले.”

“भर कोर्टात?”

“भर कोर्टात.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “मंग झालं आपलं काम,” म्हणाली. “तुम्ही आवाज काढला असन नं? काढलाच असन.” आणि हसायला लागली. किती महिन्यांनी हसली. पुढं ती मधूनमधून विचारायची, “साहेब काय लिहून राह्यले?” मी म्हणायचो, “लिहून राह्यले. मोठा निकाल हाये, वेळ लागते.” खोटं बोललो. आयुष्यभर खोट्या साक्षी ऐकल्या, तेवढीच एक दिली. ती चांगली की वाईट, ते मला ठरवता येत नाही.

केस दुसऱ्या साहेबांसमोर लागायच्या आत ती गेली. साळा आला. हातात साडी होती, माहेरची, अंगावर टाकायला. मला वाटलं नव्हतं तो आणेल. तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. तो भाऊ म्हणून आला होता की केसवाला म्हणून, मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. साडी हिरवी होती. तिला हिरवी आवडायची हे त्याला आठवत होतं.

दिवस झाल्यावर मी वकिलांकडं गेलो. म्हटलं, आता वारस म्हणून माझं नाव लावा, केस पुढं चालवा. वकिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

“काका, बाईला बापाकडून आलेली जमीन, आणि तिला मूलबाळ नसलं, तर ती नवऱ्याकडं जात नाही. परत बापाच्या वारसांकडं जाते.”

“म्हंजे कोणाकडं?”

“तिच्या भावाकडं.”

“ज्याच्यावर केस केली त्याच्याकडं?”

“हो.”

“म्हंजे तिच्या बाजूनं आता तोच, आन् तिच्या विरुद्धबी तोच?”

“तसंच झालं. म्हणून केस उरत नाही.”

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, मुद्दाम नाही, असंच बोलता बोलता, की त्या दिवशी साहेबांसमोर दोन्ही बाजू ऐकून झाल्या असत्या तर नंतर बाई गेली तरी निकाल देता आला असता. जिवंत माणसाला देतात तसाच. मग ते टेबलावरचे कागद सरळ करत बसले.

वावर शेवटी भावाकडंच गेलं असतं, एवढं मला समजते. पण मधी तिचं नाव लागलं असतं. एक दिवस का होईना. तिला तेवढंच पाहिजे होतं.

शेवटच्या तारखेला मी गेलो. दुसरे साहेब होते. नंबर वाचला. मी दुपट्टा तोंडात धरून बसलो होतो. वकील उभे राहिले, इंग्रजीत बोलले, चहा थंड व्हायच्या आत केस बंद झाली. तिचं नाव कोणी घेतलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर साळा उभा होता. दोघंही म्हातारेच आता.

“भाऊजी, औंदा तिच्या हिश्श्यात काय पेरू? तुम्ही म्हणान तसं.”

“तुह्यं वावर हाये. पेर, नाईतं झोप त्याच्यात.”

तो गेला नाही. तिथंच उभा राहिला.

“सातबाऱ्यावर तिचं नाव लाव,” मी म्हटलं.

“मेलेल्या माणसाचं नाव तलाठी लावत नाई, भाऊजी. म्या इचारून आलो.”

“तू इचारलं?”

“हो.”

“कवा?”

“तेरवीच्या दुसऱ्या दिवशी.”

आधी विचारायला गेला असता तर? पण आधी ती जिवंत होती आणि तेव्हा त्याला लावायचं नव्हतं. तो एसटी स्टँडकडं गेला. मी माघारी वळून नकलेच्या खिडकीवर गेलो.

मला त्या दिवसाच्या आदेशाची नक्कल पाहिजे होती, ज्या दिवशी साहेबांनी मला ओळखलं. तो कागद एका ओळीचा आहे हे मला माहीत होतं. पण त्याच्या डोक्यावर तिचं नाव आहे, आणि त्या दिवशी ती जिवंत होती. नावापुढं मयत लिहिलेलं नाही.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला. “अपीलकर्तीशी नातं?”

“नवरा.”

“रेकॉर्डवर वारस म्हणून लागलात?”

“नाई.”

“मग तुम्ही या केसमध्ये कोणी नाही, बाबा. तिऱ्हाईत म्हणून अर्ज करावा लागेल. कारण लिहा. नक्कल कशासाठी पाहिजे ते.”

त्यांनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना दोन बोटांएवढा. मी पेन घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, “काका, लवकर करा.” सातबाऱ्यावर नाव लावायला असं लिहावं तर ते आता होत नाही. घरी ठेवायला लिहावं तर ते कारण चालते की नाही, माहीत नाही. मग मी लिहिलं, ‘त्या दिवशी हिचा पुकारा मी केला होता.’

बाईंनी वाचलं. वर पाहिलं. पुन्हा वाचलं. मग शिक्का मारला आणि म्हणाल्या, “सोमवारी या.”